व्यवसायाचा रकाना

दवाखान्यातला फॉर्म घरी आला की तो कोण भरतं? ज्याचं दुखतंय तो, की ज्याचं अक्षर चांगलं आहे तो? वाचकहो, खरं सांगा, आपल्या बहुतेक घरांत याचं उत्तर ठरलेलं असतं. या घरातही ते ठरलेलंच होतं. लाँड्रीवाल्याचं अक्षर वळणदार, आणि गिऱ्हाइकांच्या गाठोड्यांवर चिठ्ठ्या लिहून लिहून ते आणखी सुधारलेलं. बायकोचा फॉर्म त्याने काउंटरवर उभ्या उभ्याच भरून टाकला. वय बेचाळीस. व्यवसाय, गृहिणी.

त्या वेळी ती गृहिणी त्याच्या पाठीमागे, पडद्याआड, सकाळपासूनच्या चाळिसाव्या शर्टाची कॉलर दाबत होती.

दीड वर्षापूर्वी तिच्या उजव्या स्तनात गाठ निघाली आणि स्तन काढावा लागला. पुढचे उपचारही तिने निमूटपणे पार पाडले. घरच्यांनी तिला काही कमी पडू दिलं नाही, हे खरं. औषधं वेळेवर आली, डबे आले, सासूबाईंनी स्वयंपाकघर सांभाळलं. फक्त स्तन हा शब्द त्या घरात कोणी उच्चारला नाही. सासूबाई ‘तिकडचं’ म्हणायच्या, नणंद फोनवर ‘ते’ म्हणायची आणि नवरा विषय निघाला की काउंटरवर जायचा. ज्या दुखण्याला घरात नावच नाही, ते कोणापाशी बोलायचं? ती बोलेनाशी झाली.

दवाखान्यातून घरी आली तेव्हा कपाटाच्या दारावरचा मोठा आरसा नाहीसा झालेला होता. लाकडावर चार स्क्रूंची भोकं तेवढी राहिली होती. आरसा नवऱ्याने काढला होता. तिने विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. मग तिने आपल्यापुरता अर्थ लावला की याला मी एकदा दिसते तेवढीच पुरे, दोनदा दिसायला नको.

सहा महिन्यांनी ती पुन्हा टेबलाशी उभी राहिली. बायकांचे ब्लाऊज इस्त्री करताना उजवी बाजू आणि डावी बाजू अगदी सारखी बसवायची, ही तिची ख्याती. स्वतःच्या ब्लाऊजमध्ये ती उजव्या बाजूला चार रुमाल घालायची. घड्या घालण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, त्यामुळे बाहेरून काही कळत नसे. दिवस संपता संपता एक रुमाल घसरायचा आणि ती पडद्याआड जाऊन तो नीट करायची. दुकानात एवढी माणसं यायची, पण तिच्याइतकं एकटं तिथे कोणी नसेल.

आता डॉक्टरीणबाईंनी कृत्रिम स्तन बसवता येईल असं सांगितलं होतं. सिलिकॉनचा मऊ गोळा, तो दोन ठिकाणी बसवता येतो. एक तर छातीच्या स्नायूच्या वर, नुसत्या त्वचेखाली, नाही तर स्नायूच्या खाली. विचार करून बुधवारी सांगा, म्हणाल्या.

विचार सगळ्यांनी केला.

“खालीच बसवू दे,” सासूबाई म्हणाल्या. “झाकलेलं बरं.”

“खालीच, वहिनी,” नणंद फोनवरून म्हणाली. “ते खरं वाटतं म्हणे. कोणाला संशयसुद्धा येत नाही.”

नवऱ्याने मान डोलावली आणि फॉर्मवर ‘स्नायूखाली’ या चौकटीत खूण केली. ती तिथेच कप विसळत होती. संशय यायला मी चोरी केली आहे का, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तिने कप पालथे घातले आणि हात पुसले.

बुधवारी दवाखान्यात माप घ्यायला मोठ्या सिस्टर आल्या. केस पांढरे, बोलणं सडेतोड, तीस वर्षं याच वॉर्डात काढलेली बाई. टेप लावता लावता त्यांची नजर तिच्या उजव्या हातावर गेली. मनगटापासून कोपरापर्यंत जुने-नवे चटके.

“हे कसले?”

“इस्त्रीचे. लाँड्री आहे आमची.”

“दिवसाला किती कपडे?”

“शंभराच्या आसपास.”

सिस्टरांनी फॉर्म उचलला, चष्मा वर केला. “इथे तर गृहिणी लिहिलंय.”

तिने चटक्यांवर दुसरा हात ठेवला.

“हे बघ,” सिस्टर टेप गुंडाळत म्हणाल्या, “इस्त्री दाबताना जोर कुठून येतो? या इथून, छातीच्या स्नायूतून. त्याच्याखाली गोळा ठेवला की दर दाबाला स्नायू आवळणार आणि गोळा हलणार. कोणाला त्याचं काही वाटत नाही, कोणाला ओढ बसते, हाताचा जोर कमी पडतो. दिवसाला शंभर कपडे करणारीने हे आधी ऐकलेलं बरं. वर बसवला तर स्नायूला धक्का नाही, पण त्यातही खोट आहे, ती डॉक्टर सांगतील. आणि काहीच बसवायचं नाही, हाही एक रस्ता आहे. तो तुला कोणी सांगितला?”

तिने मान हलवली. नाही.

“बरं, तुला काय हवंय?”

साधा प्रश्न. पण तिला रडू कोसळलं. दीड वर्षात तिला काय हवंय हे पहिल्यांदा विचारलं गेलं होतं, आणि विचारणारी बाई तिला घटकाभरापूर्वी भेटली होती!

सिस्टरांनी तिला रडू दिलं. मग तिच्याबरोबर त्याही डॉक्टरांच्या खोलीत आल्या. नवरा आधीच येऊन बसला होता.

“आमचं ठरलंय, डॉक्टर. खालीच बसवा.”

“आमचं म्हणजे कोणाकोणाचं?” सिस्टरांनी विचारलं.

“घरच्या सगळ्यांचं.”

“हिचं धरून?”

त्याने बायकोकडे पाहिलं.

“दुकानात इस्त्री कोण करतं?”

“ही करते.”

“मग व्यवसायात गृहिणी कसं?”

“तसं... तसं लिहायची पद्धत आहे,” तो म्हणाला, आणि आपलं वळणदार अक्षर बघत बसला.

डॉक्टरीणबाईंनी तो कागद बाजूला ठेवला आणि खुर्ची तिच्याकडे वळवली. “तुमची त्वचा पुरेशी जाड आहे, वर बसवता येईल. पण स्पष्ट सांगते, तिथे कड हाताला लागू शकते. वाकलात तर वरच्या बाजूला सुरकुती दिसू शकते.”

ती डोळे पुसता पुसता हसली.

“डॉक्टर, वीस वर्षं लोकांच्या सुरकुत्या घालवतेय. माझी एक राहिली तर राहू दे. वरच बसवा. मला हात हवाय.”

मग तिने नवऱ्याच्या खिशातलं पेन काढून घेतलं, खूण खोडली आणि ‘गृहिणी’च्या पुढे आपल्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं, इस्त्रीकाम.

घरी दोघं चालतच निघाले. वाटेत तिने विचारलं, “आरसा का काढलात?”

“तुला बघून त्रास होईल म्हणून.”

“मला वाटलं, तुम्हाला होतो.”

तो रस्त्यातच थांबला. माणसं दोन्ही बाजूंनी निघून जात होती. “माझं चुकलं,” तो म्हणाला. “तुला विचारायला हवं होतं. सगळंच विचारायला हवं होतं.”

“मीही विचारलं नाही,” ती म्हणाली.

त्या संध्याकाळी त्याने माळ्यावरून आरसा उतरवला, पुसला आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन तिला हाक मारली. “किती उंचीवर लावू?”

तिने आपल्या छातीपाशी हात धरून दाखवलं. “हे दिसलं पाहिजे.”

वाचकहो, या घरात वाईट माणूस कोणीच नव्हता. सगळे प्रेमाने वागत होते, आणि त्या प्रेमात एक बाई दीड वर्ष एकटी पडली होती. दुखण्याला त्याच्या नावाने हाक मारा. आणि आपल्या माणसाचा फॉर्म भरायची वेळ आली, तर अक्षर कितीही चांगलं असो, पेन आधी त्याच्या हातात द्या.