किरीटच्या नावाचा बाक

मी बाक बोलतोय. सिमेंटचा, जड, दोन पायांचा. काठियावाडातल्या एका शहराच्या कापड बाजारात, फुटपाथवर माझा मुक्काम होता. आमच्याकडे माणूस गेला की घरचे त्याच्या नावानं रस्त्याकडेला बाक ठेवतात. माझ्या पाठीवर लाल अक्षरांत लिहिलंय : स्व. किरीट रतिलाल.

किरीटचा जीव त्याच बाजारात गेला. कापडाचे गठ्ठे, साड्या नेसवलेले पुतळे, पाट्या, सगळं फुटपाथभर पसरलेलं. चालायला जागा नाही म्हणून तो रस्त्यावर उतरला आणि मागून टेंपो आला. त्याच्या आईनं, जसुबांनी, मला घडवून घेतलं आणि तो जिथून खाली उतरला तिथंच ठेवलं. म्हणजे फुटपाथवरच! त्यात काही चूक आहे असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही. मलाही नाही.

जसुबा रोज संध्याकाळी यायच्या आणि लेकाशी बोलत बसायच्या. "आज वालाची भाजी केली होती रे. तू तोंड वाकडं केलं असतंस."

मग पालिकेचा हुकूम निघाला. फुटपाथ मोकळे करा, दुकानांच्या दारांपुढचं सामान हलवा. गाडी दिसताच बाजाराची तारांबळ उडाली. साडीवाले धनसुखभाई मात्र माझ्यापुढे येऊन पालिकेच्या साहेबांना हात जोडून उभे राहिले.

"साहेब, गेलेल्या पोराचा बाक हा. याला हात लावाल?"

साहेब वरमले. "बरं, बाक राहू दे."

"आणि वाट तर बाकानं अडलेलीच आहे. शेजारी माझे दोन पुतळे राहिले तर काय बिघडलं?"

दोनाचे चार झाले, चाराचे आठ. माझ्या आडोशानं सगळा बाजार पुन्हा फुटपाथवर आला.

एका संध्याकाळी जसुबा बसल्या असताना एक गरोदर बाई आली. समोर मी, बाजूला पुतळे. ती रस्त्यावर उतरली आणि एक रिक्षा तिच्या अंगावर येता येता थांबली.

"ए बेन, मरायचंय का? फुटपाथ कशाला बांधलाय?" रिक्षावाला खेकसला.

"कुठून चालू, भाई? तिथं बा बसल्यात ना!"

जसुबा उठल्या, माझ्या पाठीवरच्या लाल अक्षरांवरून एकदा हात फिरवला आणि घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच पालिकेची गाडी घेऊन आल्या. धनसुखभाई धावले. "जसुबा, वेड लागलं का? पोराचं नाव आहे त्यावर!"

"म्हणूनच. माझ्या किरीटच्या नावानं दुसरीचं लेकरू जायला नको." मग गाडीवरच्या माणसांना म्हणाल्या, "हळू उचला रे, बाबांनो."

आता मी पालिकेच्या आवारात मोडक्या हातगाड्यांत पडलोय. माझ्यावर कुणी बसत नाही. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू?

पण जिवाला लागलं ते वेगळंच. परवा गाडीवरची माणसं बोलत होती. मी उठताच धनसुखभाईंनी माझ्या जागी पुतळा मांडला. जसुबांनी तो उचलून दुकानात नेऊन ठेवला. तेव्हापासून रोज संध्याकाळच्या गर्दीत त्या तिथं भिंतीला टेकून उभ्या असतात, पुन्हा कुणी काही मांडू नये म्हणून. कुणी आलं की अंग चोरतात आणि म्हणतात, "जा बेटा, फुटपाथवरूनच जा."

त्यांचे गुडघे दुखतात हो. बाजारातल्या भल्या माणसांनो, मला परत नेऊ नका. फक्त तुमचं सामान आत घ्या, म्हणजे त्या माउलीला घरी जाता येईल.