बांगडीतली पिन

उसाच्या ट्रॉलीवरून उतरताना सविताचा घोटा मोडला आणि नगरच्या दवाखान्यात त्यात प्लेट टाकली. शेजारच्या खाटेवर आसाराम होता. त्याचाही घोटाच, ऑपरेशनही त्याच सकाळी. संध्याकाळी आसाराम विव्हळायला लागला, आणि माझी बायको निवांत पेरू खात बसली. माझ्या मनात पाल चुकचुकली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पाय बधिर करायच्या इंजेक्शनात जोडीला आणखी एक औषध घातलंय. त्यानं बधिरपणा उद्यापर्यंत टिकेल. दुखायला लागलं की लगेच सांगा, गोळी देऊ."

"मग आसारामला का न्हाई घातलं?"

"त्याला शुगर आहे. त्या औषधानं साखर वाढते."

उत्तर तयारच होतं. तयार उत्तराचा मला कधीच भरवसा वाटत नाही. पायाची शीर तोडली असेल आणि आता वेळ मारून नेत असतील, अशी माझी खात्री झाली. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. तिचा पाय गेला म्हणजे आमचा कोयता मोडला. मी व्हरांड्यात जाऊन टोळीच्या मुकादमाला फोन लावला. "सविताचं काय खरं दिसत न्हाई. जोडीला दुसरी कुनी मिळती का, बघून ठेवा."

परत येऊन तिच्या बांगडीतली पिन काढली.

"डोळं मीट. टोचलं की सांग."

तिनं डोळे मिटले. मी पिन अंगठ्याजवळ नेली.

"आई गं! टोचली की!"

"अजून लावलीच न्हाई."

तिनं डोळे उघडले. "टोचलं म्हनलं, की पाय चांगला हाय समजून तुमी जोडीला दुसरी बघनार न्हाई, असं वाटलं. फोनवर बोलत हुता तवा दार उघडंच हुतं."

साऱ्या जगावर संशय घेणारा मी. तिनं आयुष्यात एकच घेतला, तो माझ्यावर, आणि तो खरा होता. मला लाज वाटली. "तसं न्हाई गं," एवढंच म्हणालो आणि पिन परत बांगडीत अडकवली. तिनं हात पदराखाली घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं एकाएकी चादर मुठीत धरली. कपाळाला घाम आला, पायाची बोटं हलली. पाय जिवंत होता! मला रडूच फुटलं. मी स्टूल ओढून तिला धरायला हात पुढं केला.

तिनं माझ्याकडं बघितलं, मग दाराकडं तोंड करून हाक मारली.

"सिस्टर, दुखाया लागलं वो."