शेंदूर फासलेला रूळ

मित्रांनो, मी काही जन्माचा देव नाही. लहान रेल्वेगाडीच्या रुळाचा मी एक जुना तुकडा, दीड हात लांब. नवे रूळ आले तसा मी अकोल्याच्या एका भंगारवाल्याकडे गंजत पडलो. तिथून डोमाजीने मला उचलले. हा डोमाजी बेलगव्हाणचा, जंगलात रोजंदारीवर वणवे विझवणारा. गाव चांदूर बाजारहून वर, डोंगराच्या पायथ्याशी आहे.

उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहाची फुले गळतात. ती नीट वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळायची आमच्या लोकांना जुनी खोड. पाला जळतो, वारा सुटतो आणि डोंगर पेटतो. मोबाइलवर कळवावे तर रेंजसाठी पाण्याच्या टाकीवर चढावे लागते. म्हणून डोमाजीने मला चौकातल्या कडुनिंबाला तारेने टांगले, खाली एक घण ठेवला आणि गावाला बजावले, "आग दिसली का वाजवा. कोनाले इचारत बसू नोका."

माझा आवाज खालच्या संत्र्याच्या बागांपर्यंत जाई. तो ऐकला की माणसे हातातले काम टाकत, पळसाच्या हिरव्या फांद्या तोडत आणि आग झोडपायला धावत. खोटे कशाला बोलू, मार खाण्याचा मला अभिमान होता.

एका उन्हाळ्यात वरच्या बौद्ध वस्तीतल्या मायाला मोह वेचताना धूर दिसला. नवी सून होती ती. पदर खोचून पळत आली आणि घामाघूम होईस्तोवर मला बडवत राहिली. सारा गाव धावला. सरपंच भगवंतरावांच्या बागेच्या कुंपणाशी आग विझली.

तिथेच माझे वाईट झाले. भगवंतरावांनी मला नारळ फोडला, शेंदूर फासला. पुढच्या वर्षी ओटा बांधला, मला झाडावरून काढून सिमेंटमध्ये उभा रोवला, भोवती जाळी आणि जाळीला कुलूप. नाव ठेवले वणवाबाबा. घण माझ्या पायाशी, हळदकुंकू लावून.

डोमाजी म्हणाला, "भाऊ, जमिनीत रोवला त वाजंन कसा हा?"

"देवाले घण मारतेत काय, डोमाजी? तुयं डोकं ठिकानावर हाये न?" भगवंतराव म्हणाले. लोक खो-खो हसले. वरच्या वस्तीतले कोणी तिथे नव्हते. त्यांना बोलावलेच नव्हते. पुढच्या हिवाळ्यात डोमाजी वारला आणि विषय मिटला.

माझ्या ओट्यावर कोणी चढायचे आणि कोणी नाही, हेही न बोलता ठरून गेले. लोखंडाला विटाळ नसतो, देवाला असतो. दर वर्षी भंडारा होई, शेंदराचा थर चढे, आणि मी आतल्या आत गुदमरत होतो.

या एप्रिलमध्ये भरदुपारी डोंगर पेटला. वाऱ्याने आग थेट वरच्या वस्तीकडे वळली. मायाची सासू मैनाबाई अर्धांगाने खाटेला खिळलेली. घरात दुसरे कोणी नाही, शेजारीपाजारी कामावर गेलेले. मायाने एकटीने खाट ओढून पाहिली, ती दारातून निघेना. माणसे हवी होती. माणसे मी बोलावतो, यावर तिचा विश्वास होता. सासूला घरात ठेवून ती माझ्याकडे धावली.

किल्ली भगवंतरावांच्या बायकोच्या, गोदाबाईंच्या कमरेला. त्या शेजारच्याच अंगणात वड्या घालत होत्या.

"काकू, कुलूप उघडा! वरतं आग लागली. आमची बुढी घरात हाये, तिले उठता येत नाही."

"हे चांदूर बाजारले गेले वं. त्यायले न इचारता कशी उघडू? अन् तू शिवशीन त..." गोदाबाईंनी किल्ली मुठीत धरली.

"मंग तुमी वाजवा, पन वाजवा न काकू! पाया पडतो तुमच्या!"

गोदाबाई वाईट नव्हत्या. पण किल्लीकडे बघत, "देवा, माफ कर" म्हणत त्यांनी जो वेळ घालवला, तो मला दिसत होता. धूर गावावर आला तेव्हा कुठे त्यांनी कुलूप काढले. मायाने घण उचलून जीव खाऊन मारला.

धप्प.

पुन्हा मारला. पुन्हा धप्प. मित्रांनो, रूळ टांगलेला असेल तरच बोलतो. मी सिमेंटमध्ये रुतलेला, शेंदराने लिंपलेला; काय बोलणार? मायाने घण टाकला आणि "मैनामाय!" असा टाहो फोडत वर पळाली.

बागांतली माणसे आली, पण धुराचा लोट पाहून, फार उशिरा. वस्ती जळाली. मैनाबाई खाटेवरच गेली.

गाव म्हणाले, बाबा कोपला. मायाने शिवले म्हणून विटाळ झाला, असेही म्हणाले. भगवंतरावांनी मला दुधाने धुतले. गोदाबाई खाली मान घालून तांब्या भरून देत होत्या. माझ्या अंगावरून दूध ओघळत होते आणि वर अजून धूर निघत होता. मला स्वतःची किळस आली.

आता मायाने जळक्या घरासमोरच्या खांबाला तेलाचा रिकामा पिपा टांगला आहे, दोरीला एक दांडा बांधून. वस्तीतली पोरे येता-जाता तो बडवतात, माया त्यांना रागावत नाही. त्याला कोणी हात जोडत नाही. मला त्याचा फार हेवा वाटतो. मित्रांनो, तो पिपा उद्या तुमचा जीव वाचवील. तेव्हा एवढे करा, त्याला हार घालू नका.