शेजाऱ्याने दाबलेलं बटण

माझा थोरला भाऊ ऑर्विल आमदार आहे, आणि गावात त्याला सगळे ‘नाही-बाबा’ म्हणतात. सरकारी पैशाचं कुठलंही विधेयक येवो, ऑर्विलचं बटण लाल. शाळेच्या बसेस? नाही. वाचनालय? नाही. “सरकारनं हात आखडावा आणि माणसानं हात पसरू नये,” हे त्याचं पालुपद. माझ्या कॅफेत बसून गव्हाचे शेतकरी त्यावर माना डोलवायचे आणि दर निवडणुकीत त्यालाच निवडून द्यायचे. मीही दिलंय मत, खोटं कशाला बोलू?

मग आमचं हॉस्पिटल बंद पडायला आलं. ऑर्विलची बायको नोरीन तिथेच डायलिसिसला जायची. दुसरं हॉस्पिटल थेट शहरात, आणि बर्फ पडलं की तो रस्ताच बंद. हॉस्पिटलला मदत द्यायचं विधेयक आलं तेव्हा मी तोंड सोडलं. “तत्त्वापायी बायको मारायचीय का रे मेल्या?”

राजधानीला निघताना तो नोरीनला हळूच म्हणाला, “या खेपेला हिरवं दाबतो. पण कुणाला सांगू नकोस.”

का, तर लाज! जन्मभर ज्याला पाप म्हटलं ते करायचं, तर गुपचूप. शेजारच्या बाकावरच्या क्लेटलासुद्धा त्याने सांगितलं नाही. क्लेट त्याचा जिवाभावाचा मित्र. आणि त्या सभागृहात एक रीत आहे. शेजारी बाहेर गेला असला की त्याचं बटण आपण दाबायचं. नियमात बसत नाही, पण सगळेच दाबतात.

भाषणं लांबली. ऑर्विलला राहवेना, तो नोरीनला फोन करायला बाहेर गेला. “दाबतोच आता, तू काळजी करू नकोस,” असं तो तिला सांगत होता, आणि आत मतदान पुकारलं. क्लेटने आपलं बटण दाबलं, मग हात लांबवून मित्राचंही दाबलं. लाल. विधेयक एका मताने पडलं.

घरी येऊन ऑर्विल रडला. “क्लेटने घात केला गं! मी आत पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. काही करता येईना.” नोरीननेच त्याची समजूत काढली. हॉस्पिटलला कुलूप लागलं, बर्फात डायलिसिसच्या खेपा चुकल्या, तरी ती त्याला एका शब्दाने बोलली नाही.

पुढे एकदा क्लेट गावात आला. आम्ही चौघं माझ्या कॅफेत बसलो होतो. नोरीनचा सुजलेला चेहरा बघून तो चपापला. “वहिनी, हे काय झालं? हॉस्पिटल बंद झाल्याने? अरे ऑर्विल, तुला हिरवं दाबायचं होतं?”

ऑर्विलने मान खाली घातली.

“मग बोलला का नाहीस, गाढवा? जिंकलेल्या बाजूचा माणूस फेरमतदान मागू शकतो, तुला काय नवीन आहे? तुझं मत लाल पडलं होतं, म्हणजे तुलाच मागता आलं असतं! तू आत येऊन बसलास तेव्हा मी कानाशी सांगितलं, तुझंही दाबलं म्हणून. तू उठलास. मग आपल्या लोकांनी तुझी पाठ थोपटली, ‘गड राखलास’ म्हणाले, आणि तू खाली बसलास.”

नोरीनने कप खाली ठेवला. “म्हणजे नुसतं उभं राहायचं होतं?”

मला त्याचा राग आला, आणि कीवही आली.

“मला वाटलं,” ऑर्विल म्हणाला, “सगळे बघतायत.”

आठ दिवसांत नोरीन शहरात लेकीकडे राहायला गेली. आमच्याकडे आमदाराला आपल्या मतदारसंघातच राहावं लागतं. मी म्हटलं, “चुलीत घाल ती आमदारकी आणि जा तिच्यामागे.”

“विचारलं तिला,” तो म्हणाला. “ती म्हणाली, येऊ नकोस.”

या निवडणुकीत त्याच्याविरुद्ध कुणी उभंच राहिलं नाही.