मीटरला लावलेलं गंध

आयुधपूजेला म्हैसुरात बसपासून कात्रीपर्यंत सगळ्यांना गंध-फूल मिळतं, मग हेब्बाळच्या धातूला मुलामा चढवणाऱ्या कारखान्यानं का मागं राहावं? फोरमन रंगरावांनी टाकीतली विषारी वाफ ओढणाऱ्या पंख्याला झेंडूची माळ घातली आणि ती वाफ मोजायच्या मीटरला गंध लावलं, तेही अगदी हवा आत जाते त्या भोकावर. भक्ती चांगली हो, पण नाकच बुजवल्यावर ते बिचारं काय हुंगणार?

त्यानं शून्य दाखवलं. त्या शून्यावर भरवसा ठेवून रंगरावांचा मुलगा निवृत्ती धातूच्या भागांवरचं तेल धुवायच्या टाकीत उतरला. द्रावण उपसून काढलं होतं, तळ पुसून टाकीलाही टिळा लावायचा होता. पंखा बंद, पूजा झालेल्या आयुधाला उद्यापर्यंत हात लावत नाहीत.

सुरक्षा अधिकारी जयलक्ष्मी प्रसादाला आली, तेव्हा रंगराव टाकीच्या तोंडाशी ओणवे होऊन हाका मारत होते. आतून उत्तर नव्हतं. तिनं मीटर उचललं, अंगठ्याला गंध लागलं आणि ते शून्य खोटं आहे हे तिला कळलं.

"दामोदर, पंखा लाव."

"पूजा झालीय, अम्मा," मदतनीस दामोदर घुटमळला.

तिनंच माळ ओढून फेकली, बटण दाबलं. "कपाटातला हवेच्या नळीचा मुखवटा आण. दोरही आण. पळ."

रंगरावांनी एक पाय टाकीत घातलाच होता. तिनं मागून त्यांची कंबर धरली.

"बिडु, अम्मा, सोड मला. माझं पोर आहे आत."

"तळाला वाफ साचलीय, काका. उतरलात तर तुम्हीही पडाल."

म्हाताऱ्यानं कोपर मारलं. तिचा ओठ फुटला, पण तिनं पकड सोडली नाही. आपण एका बापाला अडवतोय आणि तिकडे त्याचं पोर मरतंय, या विचारानं तिला रडू येत होतं. दामोदर कुठे मेला कोण जाणे.

तो आला. तिनं मुखवटा चढवला आणि दोर रंगरावांच्या हातात दिला. "मी हलवला की ओढा. तोवर जागचे हलू नका."

ती खाली उतरली, निवृत्तीच्या काखेत दोर बांधला आणि हलवला. निवृत्ती वर आला तो पांढराफटक, मागोमाग ती. बराच वेळ नुसताच पडून होता. मग ओकला, खोकला, डोळे उघडले. रंगरावांनी आता कुठे हातातला दोर सोडला.

"पोर गेलं असतं," ते म्हणाले, "तर जन्मभर तुला शिव्या दिल्या असत्या मी."

जयलक्ष्मीनं ओठावरचं रक्त पुसलं. "खुशाल द्यायच्या, काका. शिव्या द्यायला तुम्ही तरी उरला असतात."