सोनबांची दातखीळ

सुभद्राबाईंनी चमच्याच्या पाठीनं गोळी चुरडली, घट्ट खिमटीत कालवली आणि नवऱ्याच्या ओठांशी नेली. सोनबांनी दात असे मिटले, की नांगराचा फाळ घालूनही उघडले नसते.

"अवो, तोंड उघडा. का घरनं सांडशी आणू?"

दात हलले नाहीत. रक्तदाबाची गोळी मात्र याच माणसानं आत्ता मुकाट्यानं गिळली होती.

मेंदूत रक्तस्राव होऊन सोनबा चिंचवडच्या दवाखान्यात पडले होते. उजवं अंग लुळं, वाचा गेलेली. माणूस वाचला, पण आत किती उरलाय ते कुणाला ठाऊक? पाहुणे यायचे, खाटेभोवती उभे राहून "बिचाऱ्याला काय कळत न्हाई" म्हणायचे आणि चहाला जायचे.

डॉक्टर उत्कर्षा फेरीला आल्या, तशी सुभद्राबाईंनी वाटीच पुढं केली.

"मॅडम, ही चरबीची गोळी तेवढी थुकत्यात. बाकी समद्या घेत्यात."

चाकणहून शिफ्ट संपवून आलेला त्यांचा लेक शेखर मध्येच म्हणाला, "बंदच करा ती. रक्त पातळ करायच्या गोळीनंच नस फुटली आबांची."

पंचक्रोशीत साठीनंतरच्या प्रत्येक गोळीला 'रक्त पातळ करायची गोळी' हेच नाव होतं.

"ती गोळी वेगळी. ही नाही," डॉक्टर म्हणाल्या. "आणि असं बघा, रक्त सांडलं ती पहिली इजा. मग शरीराचेच राखणदार तिथं धावतात. फार धावले, की सूज वाढते, चांगल्या भागालाही झळ लागते. ही गोळी ती धावपळ शांत करत असावी, असं अभ्यासात दिसतंय. खात्रीनं नाही सांगत. पण यांच्या हृदयाला ती लागतेच, म्हणून सगळा विचार करून मी चालू ठेवलीय."

त्या पुढच्या खाटेकडं गेल्या. सुभद्राबाईंनी लेकाकडं पाहिलं.

"नस फुटल्याचं हे तू आदी कुठं बोल्लास?"

"हितंच. मामा आलं व्हतं तवा."

"ह्यांच्या उशाशी?"

शेखरनं मान हलवली. सुभद्राबाईंनी चमचा वाटीत ठेवला. सोनबा छताकडं बघत होते, जरा जास्तच निरखून. बाईंनी पदर डोळ्यांना लावला, पण क्षणभरच. मग स्टूल खाटेला भिडवलं.

"धनी, शर्यतीच्या घाटात आपला बैलगाडा उलटला त्या साली काय झालं? पडून तुमाला खरचटलं निस्तं. पर उचलायला म्हणून पब्लिक आत घुसली आन् तुमच्या पायावरनं गेली! एका पैलवानानं तर गडबडीत तुमाला सोडून बैलच खांद्यावर घेतला, थेट वेशीपत्तुर नेला. तसंच चाललंय तुमच्या डोस्क्यात. ही गोळी म्हंजी त्या पब्लिकला आवरणारा गडी हाय. कळलं?"

सोनबांच्या डाव्या गालाला बारीकशी सुरकुती पडली. दात मात्र मिटलेलेच.

"शेखऱ्या, बोल आता."

"आबा," शेखर वाकला, "माझंच चुकलं. गोळीचा दोष न्हाई."

सोनबांनी डोळे छतावरून काढून लेकावर रोखले. तोंड उघडलं नाही.

"गोळीचं भ्याव तर गेलं दिसतंय," सुभद्राबाई सावकाश म्हणाल्या. "आणिक काय काय बोल्लास रं हितं?"

शेखरनं मान खाजवली. पंख्याकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं.

"त्ये... बैलं इकायचं. तळेगावचं गिऱ्हाईक फोनवर व्हतं. आये, मला वाटलं, ह्यांना कुठं..."

"लाव फोन."

"आता?"

"आता. आन् हितंच उभा ऱ्हाऊन बोल. तुला सवय हाय."

शेखरनं फोन लावला. "हां राव, शेखर बोलतोय. न्हाई, बैलं द्यायची न्हाईत. न्हाई हो, भाव न्हाई वाढवत." त्यानं चोरून खाटेकडं पाहिलं. "मालकाचा नकार हाय."

खाटेवरचे दात हळूच सुटले. सुभद्राबाईंनी चमचा आत सारला आणि घास गळ्याखाली उतरेपर्यंत नवऱ्याची हनुवटी सोडली नाही.