जमा करून घेणारा

बाबा शस्त्रागार सांभाळायचे. ते गेल्यानंतर आठवड्याभरात त्यांचे साहेब घरी आले. मोजणीत काही रायफली कमी भरल्या होत्या आणि किल्ली बाबांकडे असायची.

“त्यांनी कधी एक काडतूस इकडचं तिकडे होऊ दिलं नाही,” आई म्हणाली. “आता मेल्यावर चोर ठरवा.”

मी विचारलं, “स्मशानात बाबांना सलामी दिली, त्या रायफली परत कोणी जमा करून घेतल्या?”

साहेबांनी तिथूनच फोन लावला. रायफली पहारेकऱ्यांच्या खोलीत पडून होत्या.

“आणल्या होत्या साहेब,” पलीकडून शिपाई म्हणाला, “पण जमा करून घ्यायला काका नव्हते.”

साहेब ओशाळले. “वहिनी, हिशेब जुळला.”

“तुमचा जुळला,” आई म्हणाली.